आई बसल्याशिवाय

सकाळपासून फियाट तीनदा सुरू होता होता राहिली, असं नंदकुमारचं म्हणणं. नितेशच्या मते ती एकदाही सुरू होता होता राहिली नव्हती, नुसती घरघरली होती. धुऱ्यांच्या घरात आजवर कशावर एकमत झालंय, म्हणून गाडीच्या आवाजावर व्हावं!

मुलुंड पूर्वेच्या त्या कॉलनीत आठवडाभर टेम्पोंची रांग लागली होती. बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेली होती, उद्या पाणी आणि लाईट तोडणार होते, आणि जो तो आपला संसार खोक्यांत भरून भाड्याच्या जागेकडे निघाला होता. धुऱ्यांचं सामान सकाळीच गेलं. मागे दोनच गोष्टी राहिल्या होत्या. खाली बदामाच्या झाडाजवळ उभी असलेली बाबांची पिस्ता रंगाची फियाट, आणि वर पहिल्या मजल्यावर, रिकाम्या खोलीच्या खिडकीशी, आपल्या पत्र्याच्या पेटीवर बसलेली आई.

"परत मार सेल्फ," नितेश बोनेटखालून ओरडला.

नंदकुमारने चावी फिरवली. इंजिन गरगरलं, कण्हलं, पुन्हा गरगरलं आणि चावी सोडताच गप्प झालं. बॅटरी नवी होती. टाकीतलं नासलेलं पेट्रोल काढून ताजं भरलं होतं. कार्बोरेटर उघडून, फुंकून परत बसवला होता. बसवल्यावर एक वॉशर हातात उरला, तो नितेशने काही न बोलता खिशात टाकला होता.

"प्लग बघ ना," नंदकुमार म्हणाला.

"बघितला, दादा. दोनदा बघितला. ठिणगीच पडत नाहीये. करंटच पोचत नाही तिथपर्यंत."

"मग कॉईल गेली असेल."

"कॉईल नवी टाकली ना आत्ता! तूच आणलीस ना स्टेशनजवळून!"

"आणली. पण त्याने चांगलीच दिली असेल कशावरून?"

नितेशने पान्याकडे पाहिलं, मग भावाकडे पाहिलं, आणि पाना खाली ठेवला. तो एसीच्या कंपनीत सर्व्हिसचा माणूस. कुठलंही यंत्र आपल्याला वश होतं असा त्याचा लहानपणापासूनचा समज. थोरला नंदकुमार बँकेत. पेनाच्या टोपणापलीकडे त्याने आयुष्यात काही उघडलं नव्हतं, पण सूचना करण्यात तो कधी मागे राहिला नाही.

गाडी आजच्या आज हलवायलाच हवी होती. बिल्डरच्या माणसांना संध्याकाळपर्यंत कंपाउंड मोकळं हवं होतं. जोगेश्वरीचा शिवदास चार वाजता येणार होता. जुन्या गाड्या घ्यायच्या, नीट करायच्या आणि लग्नांना, शूटिंगला भाड्याने द्यायच्या हा त्याचा धंदा. त्याची अट एकच, गाडी आपल्या पायांनी चालत आली पाहिजे. नाहीतर मग भंगारवाला होताच. आणि आईला मात्र दोघांनी मिळून सांगितलं होतं की गाडी फक्त समोरच्या गल्लीत लावायची आहे. बऱ्याच वर्षांत दोघांनी मिळून केलेली ही एकच गोष्ट.

"नित्या, एक बोलू?"

"बोल."

"आईला खाली बोलावूया. नुसती पुढे बसू दे."

नितेशने बोनेटखालून डोकं बाहेर काढलं. नाकावर काळा डाग होता. "दादा, तू ग्रॅज्युएट आहेस ना रे?"

"हसू नकोस. दर दसऱ्याला ती बसली की पहिल्या सेल्फला लागते. गेल्या दसऱ्याला आपल्याला गावच्या भावकीतलं सुतक होतं. पूजा नाही झाली, ती बसली नाही. तेव्हापासून बंद."

"तेव्हापासून कोणी चावीच लावली नाही, म्हणून बंद! इंजिन आहे ते, देव नाही."

"मग पाड ना ठिणगी!"

नितेशने डोकं परत बोनेटखाली घातलं. नंदकुमार गाडीत तसाच बसून राहिला. 'आई बसल्याशिवाय गाडी सुरू होत नाही' हे बाबांचं पेटंट वाक्य. कॉलेजात असताना एकदा नंदकुमारने गुपचूप चावी पळवली होती, मित्रांना येऊरला न्यायला. अर्धा तास सेल्फ मारून बॅटरी बसली, मित्र हसले, आणि वरून गॅलरीतून बाबा ओरडले, "अरे, तुझी आई खंय बसली हा? ती बसल्याबिगर कशी चालू जातली?" सगळी कॉलनी हसली होती. नंदकुमारही हसला. पण त्या दिवसापासून त्याच्या मनात कुठेतरी ते खरं होऊन बसलं, आणि बाबा गेल्यावर तर कोणी हसेनासंच झालं.

"आणि बोलावून सांगणार काय?" नितेश जरा हळू आवाजात म्हणाला. "ये, बस, तू बसलीस की सुरू होईल, सुरू झाली की विकतो?"

नंदकुमारने वर खिडकीकडे पाहिलं आणि लगेच मान खाली घातली.

शेवटी नितेशने शिवदासलाच फोन लावला. पलीकडून बराच वेळ आवाज येत राहिला. फोन ठेवल्यावर नितेशचा चेहरा उजळला होता.

"चोर स्विच! तो म्हणतो, जुन्या गाड्यांना लोक चोर स्विच लावून घ्यायचे. लपवलेला. तो बंद असला की कॉईलचा करंट तुटतो. नुसती घरघर होते, सुरू काही होत नाही."

"बाबांनी लावला असता तर आपल्याला सांगितलं नसतं?"

"बघायला काय जातं?"

नितेशने उजवीकडचं दार उघडलं आणि आत डोकं घातलं. स्टिअरिंगखाली पाहिलं, क्लचच्या मागे हात घातला, डॅशबोर्डखालून बोटं फिरवली. सीटखालून जुनी वर्तमानपत्रं निघाली, एक वाळलेलं लिंबू निघालं, नंदकुमारच्या मुलीची, निधीची, शाळेत असताना हरवलेली कंपासपेटी निघाली. स्विच निघाला नाही.

"असता तर चालवणाऱ्याच्याच हाताशी असता ना," तो घाम पुसत उठला. "नाहीच आहे. परत कॉईल बघतो."

*

वरून रत्नप्रभाबाईंना नितेशचे फक्त पाय दिसत होते. उजव्या दारातून बाहेर आलेले. चुकीच्या बाजूने शोधतोय, हे त्यांना बसल्या जागी कळलं.

गाडी विकायची आहे, हेही त्यांना ठाऊक होतं. नंदू फोनवर गुपचूप बोलायचं असलं की बाथरूममध्ये जातो आणि तिथून आवाज दुप्पट होऊन घरभर ऐकू येतो. इतकी वर्षं त्याला हे कोणी सांगितलं नाही, आता बाथरूमच राहणार नव्हतं.

गिरणी बंद पडल्यावर त्यांच्या नवऱ्याने, दशरथने, ही फियाट जुनी घेतली होती आणि पुढे कितीतरी वर्षं त्यांना शेजारी बसवून, मागे लोकांना घेऊन नाशिक, शिर्डी, सावंतवाडी केली. कॉलनीतून एकदा कोणाची तरी गाडी चोरीला गेली आणि तो चार दिवस नीट जेवला नाही. मग एका दुपारी स्वतःच वायर जोडत बसला. संध्याकाळी तिला खाली बोलावलं, डावीकडच्या सीटवर बसवलं आणि तिचा हात धरून सीटच्या पुढच्या पट्टीखाली नेला. तिथे एक बारीक बटण होतं.

"माझ्या हाताशी कित्याक?" तिने विचारलं होतं.

"चोर इलो तर माझ्या जागेर बसतलो. तुझ्या जागेर कोण बसतला?"

तिला ते पटलं. नवऱ्याची बरीचशी गणितं तिला पटायची नाहीत, पण हे पटलं.

"पोरांका सांगू नको गो," तो पुढे म्हणाला होता.

"कित्याक?"

"पोरां मोठी होतली. तुका मागे ठेवन फिराक जातली."

तो हसला, तीही हसली. तेव्हापासून गॅसची कळ बंद करावी तसं गाडीतून उतरताना बटण बंद करणं आणि बसल्यावर चालू करणं तिच्या डाव्या हाताला लागून गेलं. मुलं ते बाबांचं आईवरचं प्रेम समजली. तसं ते होतंच म्हणा.

आता मात्र रत्नप्रभाबाईंना काही सुचेना. बटण सांगितलं तर तासाभरात गाडी गेली. नाही सांगितलं तर भंगारात जाईल, आणि ते पाप आपल्या माथी. गाडीत त्यांचा फारसा जीव नव्हता, खरं सांगायचं तर. गाडी लोखंडाची. त्यांचा जीव अडकला होता तो वेगळ्याच गोष्टीत. संध्याकाळी आपण कुठे झोपणार, हे त्यांना कळत नव्हतं.

सकाळी टेम्पो भरताना त्यांनी पेटी पुढे सरकवली, तर नंदू म्हणाला, "तुझी राहू दे, आई. नितेश येतोय ना." बरं, म्हणजे नितेशकडे, दहिसरला. मग नितेश आला. पाया पडला आणि म्हणाला, "दादाकडे सगळं लावून झालं की मला फोन कर हं." बरं, म्हणजे नंदूबरोबर, मुलुंडलाच. दोन्ही वाक्यं त्यांनी दुपारभर एकमेकांना जोडून पाहिली, ती काही जुळेनात. विचारावं तर तोंड उघडेना. आपल्याच मुलांना 'मला कुठे नेताय' म्हणून विचारायचं? सकाळपासून त्या नवी कोरी सुती साडी नेसून बसल्या होत्या, ज्याचं घर असेल त्याच्या घरी चालेल अशी.

*

नंदकुमारची बायको शुभा भाड्याच्या जागेतून थर्मास आणि कपबशा घेऊन आली तेव्हा तिची कंबर मोडली होती. वन रूम किचनमध्ये एवढ्या मोठ्या घराचं सामान कोंबायचं म्हणजे काय, ते तिलाच माहीत. पण खरं सांगायचं तर खोकी उघडताना आज ती गुणगुणत होती. लग्न होऊन आल्यापासून सासूबाई आणि ती एका ओट्यावर. वाईट काही नाही. पण आज पहिल्यांदा चहाची पावडर कुठल्या डब्यात ठेवायची हे तिने एकटीने ठरवलं, आणि त्या आनंदाची तिची तिलाच जराशी लाज वाटली होती.

"सुरू झाली?" तिने विचारलं.

"होईल," नंदकुमार म्हणाला.

"नाही होणार," नितेश म्हणाला.

तिने दोघांना चहा ओतून दिला आणि वर खिडकीकडे मान वळवली. खिडकी रिकामी होती. मग तिचं लक्ष गेटजवळ उभ्या असलेल्या नितेशच्या मोटरसायकलकडे गेलं.

"भावोजी, तुम्ही बाईकने आलात?"

"हो, वहिनी. गाडी काढली असती तर घोडबंदरला अडकलो असतो."

"अहो, पण मग आईंना कसं नेणार? आणि पेटी?"

नितेशने कप तोंडापासून खाली घेतला. "आईला? कुठे?"

"तुमच्याकडे. दहिसरला."

"माझ्याकडे? वहिनी, आई तुमच्याकडे राहणार ना?"

शुभाने नवऱ्याकडे पाहिलं. नंदकुमार बशीतला चहा फुंकत होता, आणि तो फार वेळ फुंकत होता.

"अहो, तुम्ही मला सांगितलंत, भावोजी नेणार म्हणून."

"नेणारच होता," नंदकुमार म्हणाला. "म्हणजे... मी तसं धरून चाललो होतो. इतकी वर्षं आमच्याकडे होती. आता आमची जागा एवढीशी, याची एवढी मोठी. वेगळं बोलायला कशाला लागतं?"

"अरे वा! मला कोणी विचारलं?"

"तू तरी कुठे विचारलंस?"

शुभा थर्मासचं झाकण हातात धरून तशीच उभी राहिली. तिला हळूहळू सगळं लक्षात यायला लागलं. जागा बघण्यापासून टेम्पो ठरवण्यापर्यंत दोघा भावांची सगळी बोलणी व्हॉट्सअॅपवरच्या 'धुरी परिवार' ग्रुपवर झाली होती. आईंना निधीने हौसेने फोन शिकवून त्याच ग्रुपमध्ये घातलं होतं. आईंसमोर आईंचं कसं बोलायचं, म्हणून दोघांनी तो एक विषय तेवढा बाजूला ठेवला. तो फोन करेल असं याला वाटलं, हा करेल असं त्याला. ग्रुपवर पंख्याचा फोटो पडला, टेम्पोवाल्याचा नंबर पडला, आईंनी सगळ्याला हात जोडल्याचं चित्र पाठवलं, आणि त्यांचंच काय ते राहिलं.

*

"दादा, तू समजून घे," नितेश म्हणाला, आणि आपला आवाज चढतोय हे त्याला कळत होतं. "सतराव्या मजल्यावर राहतो मी. चेतना आणि मी सकाळी आठला बाहेर पडतो. आई दिवसभर एकटी करणार काय? दिवाळीत आली होती तेव्हा लिफ्टमध्ये डोळे मिटून उभी होती."

"आणि आमच्याकडे? निधी घरून काम करते. हॉल म्हणजे तिचं ऑफिस. आई झोपणार कुठे, गॅलरीत?"

"मग मोठी जागा बघायची होती!"

"तू बघून द्यायची होतीस! गणपतीला दोन दिवस येऊन मोदक खाऊन जायचं, आणि—"

"मोदकांचा हिशेब काढतोस?"

"हळू बोला," शुभा म्हणाली. "अहो, हळू बोला."

"नाही, बोलू दे, वहिनी. एकदाचं होऊन जाऊ दे. दादाला वाटतं आईला ठेवलं म्हणजे उपकार केले."

"ठेवली नाही, ती होती! तिच्याच घरात आम्ही राहत होतो!" नंदकुमार ओरडला, आणि आपण आपल्याच विरुद्ध बोललो असं वाटून गोंधळून थांबला.

नितेशला खरं तर भांडायचं नव्हतं. सकाळी पाया पडताना आईच्या पायाखाली गार फरशी पाहून त्याला भरून आलं होतं. पण एसी दुरुस्त करायला गेलं आणि बिघाड सापडला नाही की तो घरमालकावर चिडायचा, तसंच आता झालं होतं. गाडी का चालत नाही ते कळत नव्हतं. आई राहून कशी गेली तेही कळत नव्हतं. आणि भाऊ समोर होता.

"ठीक आहे," तो म्हणाला. "सहा महिने तू, सहा महिने मी. आधी तू."

"आधी मी का?"

"कारण मी बाईक आणलीये!"

हे बोलून झालं आणि त्याला शुभाचा चेहरा दिसला. ती त्याच्याकडे बघत नव्हती, त्याच्या मागे बघत होती. त्याने वळून पाहिलं.

जिन्याच्या शेवटच्या पायरीवर आई उभी होती. एका हातात कापडी पिशवी, दुसरा हात कठड्यावर. किती वेळ उभी होती, कोण जाणे. नंदकुमारने बशी मडगार्डवर ठेवली, ती घसरली आणि फुटली. कोणी वाकून तुकडे उचलले नाहीत.

"आई," नितेश म्हणाला, "आम्ही आपलं गाडीचं—"

"कळलं मला गाडीचं," रत्नप्रभाबाई म्हणाल्या. "सकाळपासून तुमची ठिणगी पडत नव्हती. आता पडली."

त्या सावकाश फियाटजवळ आल्या. डावीकडचं दार कुरकुरत उघडलं. आधी पिशवी आत ठेवली, मग वाकून, एक हात छताला धरून, त्या आपल्या जागेवर बसल्या. साडीचा पदर मांडीवर नीट केला. दसऱ्याला करतात तसाच.

"नंदू, चावी फिरव."

"आई, तू उगाच—"

"फिरव म्हणते ना."

नंदकुमार स्टिअरिंगमागे बसला. शुभा डावीकडच्या दाराशीच उभी होती. तिने पाहिलं, सासूबाईंचा डावा हात पदराखालून सीटच्या पट्टीकडे गेला आणि परत मांडीवर आला. गॅसची कळ बघावी इतक्या सहज. त्यांनी मान वर करून शुभाकडे पाहिलं. शुभाने नजर बोनेटकडे वळवली.

इंजिन गरगरलं, खोकलं, आणि लागलं. बदामाखाली निळसर धूर झाला. मडगार्डवरचा पाना थरथरत खाली पडला. नंदकुमारने दोन्ही हात स्टिअरिंगला जोडून नमस्कार केला.

"बघितलंस, नित्या? बघितलंस?"

नितेशने बोनेटमध्ये पाहिलं, कॉईलकडे पाहिलं, आईकडे पाहिलं. त्याच्या खिशात वॉशर तसाच होता. "कसं काय?" एवढंच तो म्हणाला, आणि ते कोणाला विचारलं हे त्यालाही सांगता आलं नसतं.

मग त्याला वेळेचं भान आलं. "दादा, बंद करू नकोस. शिवदास येईलच. आई, उतर आता, ये."

रत्नप्रभाबाई जागच्या हलल्या नाहीत.

"उतरून जाऊ कुठे?"

गाडीचा आवाज तेवढा चालू होता. नंदकुमारला वाटलं, हात धरून म्हणावं, माझ्याकडे. पण इतका वेळ आपण काय बोललो ते आईने ऐकलंय, हे आठवून त्याला तोंड वर करवेना. नितेश हातातल्या फडक्याने तेच तेच बोट पुसत राहिला.

"माझ्याकडे चला," शुभा म्हणाली. तिला रडू येत होतं आणि रागही येत होता, तो कोणाचा ते तिला कळत नव्हतं. "जागा नाही, ते खरं आहे. पण मी सगळं लावून ठेवलंय आणि तुमचा तांब्या कुठल्या खोक्यात आहे ते मला आठवत नाहीये. तुम्हाला सोडून मला ते घर लागणारच नाही, आई. सकाळी वाटलं होतं लागेल. नाही लागणार."

रत्नप्रभाबाईंनी दारातून हात बाहेर काढून तिचं मनगट धरलं.

"सकाळी तुका बरा वाटला ना?"

शुभाने मान खाली घातली.

"वाटूकच व्हया," त्या म्हणाल्या. "इतक्या वर्षांत एक दिवस तरी वाटूक नको? तू विचारलंस, माका पोचला गो." मग त्यांनी मान वळवली. "नितेश, मी दहिसरला येते. पाडव्यापर्यंत. मग शुभाकडे. पुढचं पुढे, पण मला विचारून."

"आई, तिथे सतरावा मजला—"

"माहीत आहे."

"दिवसभर कोणी नसतं. लिफ्ट आहे, तुला भीती वाटते."

"लिफ्टमध्ये काय असतं? बटण. बटण दाबता येतं मला." त्यांचा डावा हात मांडीवरच होता. "आणि चेतनाला फोन करून आत्ताच सांग. संध्याकाळी दार उघडल्यावर तिला मी अचानक दिसायला नको."

नितेश फोन काढून झाडामागे गेला. तिथून त्याचा आवाज येत राहिला, आधी चाचरत, मग लहानपणी निकाल लागल्यावर बोलायचा तसा भरभर.

एवढ्यात गेटमधून शिवदास आला. पस्तिशी-चाळिशीचा, गळ्यात चष्मा, हातात हेल्मेट. इंजिनचा आवाज ऐकून लांबूनच खूश झाला.

"झकास! लागली की! काय होतं, साहेब?"

"काही नाही," नंदकुमार छाती काढून म्हणाला. "आई बसली."

शिवदासने ते हसण्यावारी नेलं. गाडीभोवती एक चक्कर मारली, पत्र्यावर बोटाने टकटक केली. "मावशी, नमस्कार. बसा, बसा, तुम्ही उठू नका. साहेब, एकदा बंद करून मी चालू करून बघतो. घेणाऱ्याने आपल्या हाताने बघावं."

नंदकुमार उतरला. इंजिन बंद झालं. शिवदास चालवणाऱ्याच्या जागेवर बसला, आरसा नीट केला आणि चावी फिरवली.

घरघर झाली, पण गाडी सुरू झाली नाही. त्याने चोक ओढला, पुन्हा चावी फिरवली. नुसतीच घरघर. झाडामागून नितेश धावत आला. नंदकुमारने कपाळाला हात लावला, "आता तर आई बसलीये!" शुभाने तोंडाला पदर लावला, कारण तिने तो डावा हात पुन्हा जाताना पाहिला होता.

शिवदासने चावी सोडली. शेजारी बसलेल्या बाईंकडे नीट पाहिलं आणि हळूच हसला.

"मावशी, चोर स्विच आहे ना? तुमच्या बाजूला आहे."

"आहे," रत्नप्रभाबाई म्हणाल्या.

"म्हणजे?" नंदकुमार म्हणाला. त्याचा चेहरा पार उतरला होता. इतक्या दसऱ्यांच्या उदबत्त्या त्याला एकदम आठवल्या. "म्हणजे बाबा इतकी वर्षं... ते सगळं खोटं?"

"खोटं कसं? मी बसल्याशिवाय कधी चालू झाली?"

नंदकुमारने विचार केला. तसं पाहिलं तर कधीच झाली नव्हती.

"आणि आम्हाला का नाही सांगितलं?" नितेशने विचारलं.

रत्नप्रभाबाईंनी दोघांकडे पाहिलं. पन्नाशी उलटलेला एक, पंचेचाळिशीचा एक, धाकट्याच्या नाकाला अजून काळं लागलेलं. सांगावं असं त्यांना वाटलं, अगदी ओठापर्यंत आलं. मग त्यांनी ते परत गिळलं. "तुमच्या बाबांची इच्छा," त्या म्हणाल्या. "नितेश, वर जाऊन माझी पेटी आण. डिकीत ठेव. नंदू, आधी मला दहिसरला सोड. मग गाडी यांची."

नितेश दोन-दोन पायऱ्या चढत वर गेला. शिवदासने घड्याळ पाहिलं, मग मान डोलावली. "चालेल, मावशी. मी मागे मागे येतो बाईकवरून. तुम्हाला सोडलं की तिथूनच घेतो ताब्यात. तेवढा स्विच कुठे आहे ते दाखवून ठेवा."

"तुमचं लग्न झालंय?"

"माझं?" शिवदास गोंधळला. "हो, झालंय की."

"बायको बसते का गाडीत? का तिला घरी ठेवून फिरता?"

"नाही, म्हणजे... धंद्याच्या गाड्या आहेत ना, मावशी. तिचं काय काम?"

"तिला दहिसरला बोलवा," रत्नप्रभाबाई पदर सारखा करत म्हणाल्या. "ती इथे बसली की तिच्या कानात सांगते. तुम्हाला नाही."

शिवदास मोठ्याने हसला. त्याने नंदकुमारकडे पाहिलं, शुभाकडे पाहिलं, डोक्यावर पेटी घेऊन जिना उतरणाऱ्या नितेशकडे पाहिलं. कोणीच हसत नव्हतं. मग त्याने खिशातून फोन काढला आणि बायकोला लावला.